बाळंतिणीच्या उंबऱ्याशी थांबलेल्या देवी: सटवाईच्या जगभरच्या बहिणी

उंबरठा
सटवाई कोण हे मराठी घरात समजावून सांगावं लागत नाही. पाचवीच्या रात्री पाटा-वरवंटा मांडून पूजा, शेजारी कोरा कागद आणि लेखणी, बाळंतिणीच्या उशाशी विळा किंवा सुरी, आणि रात्रभर विझू द्यायचा नाही असा दिवा. ती येते, बाळाच्या कपाळावर लिहिते आणि जाते. बाळ नेते तीही तीच. म्हणून एकाच नावाची शिवीही झाली आणि नवसही.

जगातल्या देवता वाचायला घेतल्या की अथीना, आयसिस, फ्रेया यांच्यावर पानंच्या पानं सापडतात. उंबऱ्याशी येणाऱ्या या बायकांना मात्र 'बालघातकी राक्षसी' म्हणून एका ओळीत उरकतात. त्यामुळे इथल्या जाणकारांना विचारतेय: सटवाईच्या जातीच्या इतर कोण कोण? नुसती नावं नकोत. काय मांडत, कुठे, किती दिवस, आणि चुकलं तर काय होईल असं मानत, ते लिहा.

माझं मत आधीच सांगून ठेवते. या देवतांना कोणी मारत नाही, त्यांची बोळवण करतात. मरीआईचा गाडा शिवेवर नेऊन सोडतात ना, तशीच. पटत नसेल तर खोडून काढा.

मातीची_पाटी
पहिला मान मेसोपोटेमियाच्या, म्हणजे प्राचीन इराकच्या, लमाश्तूचा. सुमेरी नाव दिम्मे. आकाशदेव अनूची ही लेक. तान्ही मुलं खायला मागितली म्हणून बापानं स्वर्गातून हाकलली. सिंहाचं डोकं, गाढवाचे दात-कान, पक्ष्याचे पंजे, लांब बोटं, दोन्ही हातांत साप, आणि एका थानाला डुकराचं पिल्लू तर दुसऱ्याला कुत्र्याचं. बाकीची भुतं देवांच्या हुकमानं रोग आणतात. ही स्वतःच्या मर्जीनं येते, म्हणून तिची धास्ती जास्त.

तिच्यावरचा विधी कीलाक्षरांत, म्हणजे मातीच्या पाट्यांवरच्या खिळ्यासारख्या लिपीत, लिहिलेला आहे. खड्ड्यातली माती घेऊन तिची मूर्ती करायची. पुढे भाकऱ्या ठेवायच्या, पाणी ओतायचं, तोंडात डुकराच्या पिल्लाचं काळीज घालायचं, सोबतीला काळा कुत्रा द्यायचा. अशी ती 3 दिवस आजाऱ्याच्या उशाशी ठेवायची. तिसऱ्या दिवशी दिवस कलल्यावर बाहेर न्यायची, तलवारीनं वार करायचा आणि भिंतीच्या कोपऱ्यात पुरून भोवती पिठाचं रिंगण काढायचं.

तिच्या ताईतांवर नीट पाहिलं तर कडेनं बारीक वस्तू कोरलेल्या असतात: फणी, टकळी, वस्त्राला लावायची पिन, तेलाचं भांडं, वहाणा. ही सगळी प्रवासाची शिदोरी. खाली नदीत नाव, नावेत गाढव, गाढवावर गुडघा टेकलेली लमाश्तू. म्हणजे उंबरठाताई, तुमची बोळवण इथे अक्षरशः आहे. पण तलवारीचा वारही आहे, तो विसरू नका.

कोरा_कागद
तोंडात काळीज कशासाठी?

मातीची_पाटी
भरलेल्या तोंडानं ती बाळाला तोंड लावणार नाही म्हणून. आणखी एक बंदोबस्त असे, पाझुझूचा. हा हन्बीचा मुलगा, दुष्ट वाऱ्यांचा राजा, स्वतःही भयंकर. पण लमाश्तूला पिटाळतो म्हणून त्याच्या मुंडक्याचे ताईत गरोदर बायका घालत. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात साधारण 14 सेंटिमीटर उंचीचा एक काशाचा पत्रा आहे. वर देवांची चिन्हं, खाली जनावरांच्या तोंडाची सात भुतं, त्याखाली खाटेवर आजारी माणूस आणि त्याच्या डोक्या-पायाशी माशाची कातडी पांघरलेले दोन पुरुष, सगळ्यांत खाली नावेतली लमाश्तू. पत्रा उलटा केला की मागे अख्खा पाझुझू. त्याचं डोकं वरच्या कडेवरून पुढे डोकावतं. खोलीत कोण येतंय ते बघत उभा असल्यासारखं.

प्रश्नचिन्ह
लिलिथ राहिली की! आदमची पहिली बायको. बायबलमध्येच आहे ना? ब्रिटिश म्युझियममध्ये तिचं पंख असलेलं शिल्पही आहे.

पिवळा_बोरू
@प्रश्नचिन्ह, दोन्ही गोष्टी दुरुस्त करायला हव्यात.

एक, बायबलमध्ये हा शब्द एकदाच येतो, यशयाच्या 34व्या अध्यायात, आणि तोही ओसाड जागी राहणाऱ्यांच्या यादीत. आदमची पहिली बायको ही गोष्ट मध्ययुगातल्या बेन सिराच्या कथांमधली. दोन, ते पंखवालं शिल्प म्हणजे म्युझियमनं 2003 साली घेतलेली 'रात्रीची राणी', जेमतेम 50 सेंटिमीटर उंचीची भाजलेल्या मातीची फरशी. ती मेसोपोटेमियाची मोठी देवी इश्तार किंवा तिची पाताळातली बहीण एरेश्किगल असावी असं आता मानतात. लिलिथ हे नाव तिला मागाहून चिकटलं.

खरी लिलिथ बघायची तर इराकमधल्या मंतरलेल्या वाडग्यांत बघा. निप्पूर इथे 19व्या शतकाच्या शेवटी झालेल्या उत्खननात असे वाडगे निघाले. काळ साधारण 5वं ते 8वं शतक. साधे मातीचे वाडगे, आतून शाईनं गोल-गोल फिरत जाणारा अरामी मजकूर, मधोमध हातापायांत बेड्या घातलेली लिलिथ. हा वाडगा घराच्या उंबऱ्याखाली किंवा कोपऱ्यात पालथा पुरायचा. पालथाच का, तर खाली सापडली ती अडकली.

आणि मजकूर? काही वाडग्यांवर चक्क घटस्फोटाचा कागद आहे! नवरा बायकोला काडीमोड देतो तसा घरातल्या माणसांनी लिलिथला दिलेला, यहोशुआ बेन पेराह्या या जुन्या धर्मपंडिताच्या नावानं. उघडी, मोकळ्या केसांची, काही न घेता निघून जा, असं तिला बजावलेलं असतं. फणी नाही, तेल नाही, वहाणा नाहीत. ताई, इथे बोळवण नाही, घराबाहेर काढणं आहे.

उंबरठा
बोरू, हे जबरदस्त आहे. माझ्या मताला पहिला खिळा. पण काडीमोड द्यायला आधी नातं मानावं लागतं, हेही बघा.

डॉ_काढा
या सगळ्या चर्चेत एक गोष्ट सुटू नये. पाचवी, सहावी, दहावा दिवस हे हवेतून आलेले नाहीत. नवजात बाळाच्या धनुर्वातात पहिले दोन दिवस बाळ नीट रडतं, नीट पितं. तिसऱ्या दिवसानंतर कधीतरी, बहुधा पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, जबडा आवळतो, अंगावर ओढता येत नाही, मग झटके. कारण नाळ: न उकळलेलं हत्यार, किंवा कापलेल्या जागी लावलेली माती, शेण, राख. त्यातून क्लॉस्ट्रिडियम टेटनीचे जंतू आत जातात. आईलाही बाळंतज्वर याच दिवसांत येई. चांगलं हसतं-खेळतं बाळ पाचव्या-सहाव्या रात्री जातं, तेव्हा कोणीतरी येऊन नेलं असं वाटणारच.

आईला धनुर्वाताची लस आणि नाळेला स्वच्छ पातं, एवढ्यानं हे थांबतं. भारतातून माता-नवजातांचा धनुर्वात 2015 साली निर्मूलनाच्या पातळीला आला. सटवाईचा विळा उशाशी ठेवावा, नाळेला लावू नये.

आघाडा_दूर्वा
डॉक्टर, दिवसांचा हिशोब पटला. पण भीतीचं कारण कळलं म्हणून पूजेची रीत कळत नाही. जिला भ्यायचं तिच्यासाठी कागद-लेखणी का मांडायची, हे धनुर्वातातून निघत नाही.

डॉ_काढा
मान्य. मी फक्त तारखांबद्दल बोललो.

रानकेवडा
मलायातली पेनांगलान घ्या. दिवसा साधी बाई, पुष्कळदा सुईणच. रात्री मुंडकं धडापासून सुटतं आणि आतडी लोंबकळत तसंच उडत जातं. बाळंतपणाचं घर हुंगत फिरतं, कारण तिला बाळंतिणीचं आणि बाळाचं रक्त हवं. परतल्यावर फुगलेली आतडी धडात बसेनात म्हणून ती व्हिनेगरच्या माठात बुडवून आकसवून घ्यायची. अंगाला व्हिनेगरचा वास येणारी सुईण संशयात सापडायची ती यामुळे.

उपाय काटेरी. मंगकुआंग म्हणजे केवड्याच्या कुळातलं झाड, पानांच्या कडांना करवतीसारखे काटे. ती पानं दारा-खिडक्यांना आणि घराभोवती लावायची, लोंबती आतडी त्यात अडकावीत म्हणून. उंच बांधलेल्या घराच्या फळ्यांतून ती खालून वर येते, म्हणून घराखालीही काटे टाकायचे. फिलिपिन्सची मनानांगल कमरेतून सुटते. तिचं मागे राहिलेलं अर्धं अंग शोधून त्यावर मीठ, राख किंवा लसूण टाकला की पहाटे तिला जोडता येत नाही.

लांगसुइर अजून वेगळी. बाळंतपणात मेलेली बाई लांगसुइर होऊ नये म्हणून प्रेताच्या तोंडात काचेचे मणी, दोन्ही काखांत कोंबडीचं एकेक अंडं आणि तळहातांत सुया ठेवायचे. मण्यांमुळे किंकाळी फुटत नाही. अंडी सांभाळायची म्हणून हात पंखासारखे उघडता येत नाहीत, आणि सुयांमुळे मूठ वळत नाही.

कासारआळी
काखेतलं अंडं वाचून बराच वेळ थांबले. मेलेल्या बाईला वाटावं की आपल्याकडे जपायला काहीतरी दिलंय! भीती आहे, पण ज्यानं हे योजलं त्याला ती बाई ओळखीची होती.

लेणीवेडा
हारितीबद्दल सविस्तर लिहितो, कारण ती आपल्याकडे अजिंठ्यात बसली आहे आणि लोक पुढून निघून जातात.

कथा मूलसर्वास्तिवादी विनयातली, म्हणजे त्या बौद्ध पंथाच्या भिक्षूंच्या नियमग्रंथातली. राजगृहाची यक्षिणी, स्वतःची 500 मुलं, आणि शहरातली मुलं पळवून खायची. बुद्धानं तिचं सगळ्यांत धाकटं पोर भिक्षापात्राखाली लपवलं. ती वेड्यासारखी सगळीकडे शोधत फिरली. 500 मधलं एक गेलं तर हे, मग ज्यांचं एकच होतं त्यांचं काय, एवढाच त्याचा प्रश्न. ती शरण आली, पण तिनंही विचारलं की आता आम्ही खायचं काय? बुद्धानं सांगितलं, भिक्षू रोज तुमचा वाटा काढतील. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी भिक्षू इत्सिंग लिहून गेलाय की विहारांच्या ओसरीत किंवा भोजनशाळेच्या कोपऱ्यात हारितीची मूर्ती असे, कडेवर एक मूल, गुडघ्यांशी तीन-पाच, आणि तिच्यापुढे रोज भरपूर अन्न ठेवत. म्हणजे यक्षिणीशी केलेला करार निदान हजार वर्षं पाळला गेला.

अजिंठ्याला लेणं क्रमांक 2 मध्ये शिरा. पाचव्या शतकातलं. मागच्या भिंतीत मधे बुद्धाचा गाभारा, त्याच्या उजवीकडच्या छोट्या खोलीत हारिती आणि तिचा नवरा पांचिक. (तुमच्या उजव्या हाताला, डावीकडच्या खोलीत दोन यक्ष आहेत, तिथे शोधत बसू नका.) हारितीच्या मांडीवर मूल. वरच्या कोपऱ्यांत लहान शिल्पं: एकीकडे ती बुद्धावर चालून आलेली, दुसरीकडे गुडघे टेकलेली. पण खरी मजा पायाच्या पट्टीत आहे, त्यासाठी खाली बसा. एका टोकाला छडी घेतलेले गुरुजी, जवळची दोन-चार मुलं अभ्यासात, आणि जसजसं लांब जावं तसतशी मुलं मस्ती करतायत, मेंढ्यांशी खेळतायत. शेवटच्या बाकावरची मुलं तेव्हाही तशीच होती. सोमवारी लेणी बंद असतात.

प्रश्नचिन्ह
म्हणजे हारिती हीच सटवाई?

लेणीवेडा
नाही. एका वळणाच्या, पण एक नव्हेत. हारिती कपाळावर लिहीत नाही. काठमांडूत स्वयंभू स्तूपाशी तिचं देऊळ आहे, तिथे ती अजिमा, म्हणजे आजी, आणि देवीच्या रोगाची धनीण. जपानात ती किशिमोजिन, हातात डाळिंब. टोकियोच्या झोशिगायातल्या देवळात तिच्या नावातलं 'राक्षस' हे अक्षर वरचा फटकारा गाळून लिहितात, कारण तो शिंगासारखा दिसतो आणि आता तिला शिंग उरलेलं नाही.

आघाडा_दूर्वा
राजगृह म्हटलंत म्हणून सांगते, तिथलीच दुसरी बाई मराठी घरांच्या भिंतीवर आहे.

महाभारतातल्या सभापर्वातली जरा. मगधाच्या बृहद्रथाच्या दोन राण्यांना अर्ध-अर्ध मूल झालं, ते चव्हाट्यावर टाकलं, तिथे जरा राक्षसीनं दोन्ही तुकडे उचलून एकत्र धरले आणि ते जोडले गेले. तोच जरासंध. ती राजाला सांगते की मला घराघरात पुजतात, आणि मुलाबाळांसकट माझं चित्र जो भिंतीवर काढील त्याच्या घरी भरभराट होईल.

आता श्रावणातला जिवतीचा कागद आठवा. वर नरसिंह आणि कालियामर्दन, खाली बुध-बृहस्पती, आणि मधे पाळण्या-मुलांसकट जरा-जिवंतिका! दर शुक्रवारी आघाडा, दूर्वा आणि फुलांची माळ, 21 मण्यांचं कापसाचं गेजवस्त्र, दूध-साखर आणि चणे-फुटाण्यांचा नैवेद्य, पुरणाच्या दिव्यांनी मुलांना ओवाळणं. माळेत आघाडा हवाच, नुसत्या दूर्वा चालत नाहीत.

आणि जिवतीची कहाणी. तिच्यातला मुलगा काशीला जाताना एका ब्राह्मणाच्या घरी मुक्काम करतो. त्या घरात मुलं पाचवी-सहावीला दगावतात. तो दारात झोपलेला. रात्री सटवी येते, माझ्या वाटेत कोण आडवं पडलंय म्हणून चिडते, आणि जिवती तिला सांगते की माझं नवसाचं बाळ आहे, ओलांडू देणार नाही. दोघींचं भांडण जुंपतं, सटवी परत जाते, घरातलं बाळ वाचतं.

मातीची_पाटी, तुमचा तो काशाचा पत्रा आणि ही कहाणी शेजारी ठेवून बघा.

मातीची_पाटी
ठेवून बघितलं. लमाश्तू आणि पाझुझूचीच जागा. फक्त पाझुझू कुरूप राक्षस आहे आणि जिवती लेकुरवाळी. वाचनखूण साठवली.

लोखंडी_विळा
विळ्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. इराण, आर्मेनिया, कॉकेशस या पट्ट्यात आल नावाची बाई आहे. लाल, नाक मातीचं, बाळंतिणीचं काळीज काढून टोपलीतून पळते. वाहत्या पाण्याशी पोचली की बाळंतीण हाताबाहेर गेली. तिच्यासाठी उशाखाली लोखंडी हत्यार, आणि इराणात सळईला कांदे टोचून ती खोलीत उभी करायची. तिच्या कपड्यात सुई खुपसता आली तर ती घरची मोलकरीण होऊन राहते म्हणत. लोखंड हे सगळीकडे आहे, कांदा मात्र खास तिकडचा.

चर्मपत्र
नावं लिहून अडवायची रीत राहिली. मध्ययुगातल्या बायझंटाइन ग्रीकांची, बाळं नेणारी बाई, तिचं नाव 'गेलो'. तिला साडेबारा नावं आहेत (हो, साडेबाराच). संत सिसिनिओस तिचा पाठलाग करून तिच्याकडून सगळी नावं वदवून घेतो आणि ती कबूल करते की ही जिथे लिहिलेली असतील त्या घरात येणार नाही. एखादं जरी गाळलं तर ताईत कच्चा.

हाच सिसिनिओस इथिओपियात सुसेन्योस होतो, आणि बाई वेर्झेल्या. तिकडे मेंढी-बकरीच्या कातड्याच्या पट्ट्या शिवून गुंडाळी करतात, लांबी जिच्यासाठी करायची तिच्या उंचीइतकी. डोक्यापासून पायापर्यंत झाकली गेली पाहिजे, म्हणून आधी माप. प्रार्थना लिहिताना नावाची जागा मोकळी सोडतात आणि मग तिथे मालकिणीचं नाव भरतात. जुन्या गुंडाळ्यांत पहिलं नाव खरवडून दुसरं घातलेलंही दिसतं. आईची लेकीकडे आली असणार.

मक्याचं_कणीस
आतापर्यंत सगळ्या येणाऱ्या बायका झाल्या. मेक्सिकोत अस्तेकांनी प्रश्नच उलटा मांडला: बाळंतपणात जी गेली तिचं काय होतं?

ती सिवातेतेओ होते, 'देवी-बाई'. बाळंतपण म्हणजे लढाई, म्हणून तिला रणात पडलेल्या योद्ध्याचा मान. सकाळी योद्धे सूर्याला माथ्यापर्यंत आणतात, तिथून मावळतीपर्यंत या बायका नेतात. पश्चिम दिशा त्यांची. तिचं शव नवऱ्याला 4 रात्री राखावं लागे, कारण तरुण शिपाई तिच्या डाव्या हाताचं मधलं बोट आणि केस पळवायला टपलेले. ते ढालीत लावलं की शत्रू गांगरतो अशी श्रद्धा.

पण 260 दिवसांच्या पंचांगात 5 दिवस त्या खाली उतरत: 1-हरीण, 1-पाऊस, 1-माकड, 1-घर, 1-गरुड. दोन दिवसांमधलं अंतर नेमकं 52 दिवसांचं. त्या दिवशी चव्हाट्यावर सापडलेल्या मुलाचं तोंड वाकडं होई, झटके येत. म्हणून मुलं घरात, आणि चव्हाट्यावरच्या त्यांच्या ठाण्यापुढे फुलपाखराच्या आणि विजेच्या आकाराच्या भाकऱ्या, तमाले, भाजलेला मका. वेराक्रूझमधल्या एल सापोताल इथे 1971 च्या उत्खननात त्यांच्या जवळपास माणसाएवढ्या मातीच्या मूर्ती निघाल्या. डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं. प्रसूतीत दमून गेलेली बाई कोणी जवळून बघितल्याशिवाय असं तोंड घडवता येत नाही.

कासारआळी
जरासंधाचे तुकडेही चव्हाट्यावरच टाकले होते.

निळा_समुद्र
थोडं विषयांतर, पण फणीवरून आठवलं. उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांची सेडना, समुद्राच्या तळाशी राहणारी. बापानं होडीच्या कडेवर तिची बोटं छाटली, त्यांचे सील आणि वॉलरस झाले. माणसांनी विटाळ-नियम मोडले की त्याची घाण तिच्या केसांत गुंतते आणि ती जनावरं अडवून धरते. बोटंच नाहीत म्हणून तिला स्वतःला केस विंचरता येत नाहीत! मग अंगाक्कुक, म्हणजे त्यांचा जाणता, समाधीत तळापर्यंत जाऊन तिचे केस विंचरून देतो, तेव्हा शिकार सुटते. यात गर्भपात लपवणं हाही मोठा नियमभंग, म्हणून अगदीच परकं विषयांतर नाही.

उंबरठा
विषयांतर मुळीच नाही. लमाश्तूला फणी, सेडनाला फणी, आणि आपल्या देवीच्या ओटीत फणी-करंडा.

बोळवण सगळ्यांना लागू नाही, हे मान्य करते. काटे आहेत, काडीमोड आहे, भांडण आहे. पण सुरुवातीचा एक धागा अजून सुटा आहे: लिहिणारी कोणीच भेटली नाही. सटवाई नेते हे जगभर सापडलं. सटवाई लिहिते, ते?

वीट_आणि_पाटा
दोघी आहेत.

इजिप्तची मेस्खेनेत. तिकडे बाई विटांवर पाय ठेवून उकिडवी बसून बाळंत होई, आणि मेस्खेनेत म्हणजे ती वीटच, बाईचं डोकं असलेली. बाळ बाहेर आलं की त्याचं पुढचं आयुष्य ती सांगते. 2001 साली अबिडोसला अशी एक रंगवलेली वीट सापडली, 35 बाय 17 सेंटिमीटर, साडेतीन हजार वर्षांहून जुनी. कच्च्या मातीची. वर बाळाला हातांत धरलेली आई, तिचे केस निळे, आणि कडांवर राखण करणारे प्राणी. पाचवीचा पाटा दगडाचा आणि ही वीट मातीची, एवढाच फरक करावासा वाटतो, पण तो मोह आवरतो. पाट्यावर कोणी बाळंत होत नाही.

दुसऱ्या म्हणजे ग्रीक खेड्यांतल्या मीरे, प्राचीन मोइराईंच्या वंशातल्या. तिघी बहिणी, बाळाच्या तिसऱ्या रात्री येतात आणि नशीब ठरवतात. तयारी अशी: बसकं मेज, त्यावर पाव, मध, गोड पदार्थ, बदाम. कुत्रा बांधून ठेवायचा. दाराला कुलूप नाही. वाटेतलं स्टूल, भांडी, सगळं उचलून ठेवायचं, कारण एखादी अडखळली तर त्या रागात वाईट लिहितील. आणि दिवा जळता ठेवायचा.

उंबरठा
दिवा! मी आजवर धरून चालले होते की पाचवीचा दिवा राखणीसाठी असतो.

आघाडा_दूर्वा
राखणीला विळा आहेच की. कागद-लेखणी मांडली तर लिहिताना दिसायला नको? म्हणून समई पाट्याच्या अशा बाजूला ठेवावी की कागदावर सावली पडणार नाही. तेल पहाटेपर्यंत पुरेल इतकं आधीच घालायचं आणि वात जाडसर घ्यायची. बारीक वात मध्यरात्रीच बसते.